पाठीवरचा देश

मुलीचं नाव वारा.
झुळूक नव्हे, वावटळ नव्हे;
तिच्या आयमारा भाषेत
वारा म्हणजे तारा.

राहते ती बोलिव्हियात,
तुनुपा डोंगराच्या पायथ्याला.
अंगण संपतं तिथे मीठ सुरू होतं
आणि मीठ काही संपत नाही.
पांढरंफटक, सपाट,
ना झाड, ना वाट.
पाऊस पडला की त्यावर घोटाभर पाणी,
मग ढग वर, ढग खाली,
मधून एव्हारिस्तो मामा येतो डुलत:
सायकल एक, चाकं चार,
मामा दोन!

शाळेत बाई म्हणाल्या,
"उद्या आपल्या देशाचा नकाशा करून आणा."
वाराच्या वहीत पानं उरली होती दीड.
दीड पानात देश कसा मावणार?

मग तिने आईचा आग्वायो पसरला.
आग्वायो म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं जाडं कापड,
गुलाबी, हिरवं, नारिंगी, जांभळं.
त्यात बटाटे येतात, सरपण येतं,
मेंढीचं कोकरू येतं, बाळसुद्धा येतं.
चला, आज देश येऊ दे.

पश्चिमेला ठेवले चुन्यो.
म्हणजे बटाटेच, पण कसे?
रात्री हिवात गोठवलेले,
सकाळी पायांनी तुडवलेले,
दिवसभर उन्हात वाळवलेले,
काळे, सुरकुतलेले, दगडासारखे.
झाले अँडीज पर्वत!

त्यांच्यामध्ये बाटलीचं निळं झाकण:
हे तितिकाका सरोवर.
तिथे कासिमिरो दादा नौदलात आहे.
हो, नौदलात!
देशाला समुद्र नाही, तरी नौदल आहे.
फार वर्षांपूर्वी एका लढाईत किनारा गेला.
दादा म्हणतो, "किनारा गेला म्हणून
पोहायचं विसरायचं का?"

दोऱ्यात ओवली तीन बटणं,
ताणून बांधली दोन चुन्योंना:
ही ला पास शहरातली दोरावरची गाडी.
घरांच्या छपरांवरून तरंगत जाते.
फाउस्तिना मावशी तिच्यातून बाजाराला निघते,
दहा पदरी घागरा, दोन लांब वेण्या,
डोक्यावर गोल टोपी, किंचित तिरकी.
पडेल? छे! टोपीची काय बिशाद!

मग उतार. कोकाचं एक पान.
मग खाली, आणखी खाली, पूर्वेला
पोपटाचं हिरवं पीस.
मामाने ट्रकमधून आणलेलं.
तिथे म्हणे इतकं जंगल, इतका घाम,
की लामा पाहिला तर लोक विचारतात,
"याला स्वेटर कुणी घातला?"

आणि आपलं गाव?
चिमूटभर मीठ.
थोडं सांडलं. असू दे, आहेच भरपूर.

तेवढ्यात बाळ आलं रांगत.
अँडीजचं एक शिखर उचललं
आणि चोखायला लागलं!
वाराने हिसकावलं, बाळाने भोकाड पसरलं,
टपकन एक थेंब पडला
बरोब्बर तिथे,
जिथे एके काळी किनारा होता.
वाराने बोट लावून चाखलं.
खारट.
(थोडा शेंबूडही होता. चालायचंच.)

"आई, बघ, समुद्र परत आला!"

आई म्हणाली, "छान. आता आग्वायो दे.
किनव्याच्या शेतात जायचंय."
चार टोकं उचलली. पर्वत गडगडले,
झाकण चुलीपाशी, बटणं कुठे कोण जाणे.
बाळ कापडात, कापड पाठीवर,
पक्की गाठ छातीवर.

आयमारा लोक म्हणतात,
काल असतो आपल्या डोळ्यांसमोर,
कारण तो दिसून गेलेला असतो.
उद्या असतो पाठीमागे.
उद्याचं कुणी पाहिलंय?

वारा आईच्या मागोमाग चालली.
म्हणजे तिला तो दिसत होता:
पाठीवर पेंगुळलेला,
केसांत पोपटाचं पीस,
गालाला मीठ,
मुठीत अजून ते शिखर.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं,
"वारा, नकाशा कुठे आहे?"

"शेतात गेलाय, बाई.
संध्याकाळी येईल.
आला की आधी दूध पिईल."